मंडळी गाते का? खान्देशातल्या एका चर्चमध्ये नाताळची गीतं निवडताना

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. मंडळीची (म्हणजे या चर्चच्या सभासदांच्या समुदायाची) आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं टाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत. मी संगीत शिकवते. या मंडळीची सभासद नाही. चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) नोव्हेंबर 2023 मध्ये मदतीला बोलावलं म्हणून निवडीच्या बैठकांना बसले आणि सराव घेतले.

पार्श्वभूमी

रविवारी सव्वाशे-दीडशे माणसं येणारी ही मंडळी. जुनी घराणी मिशनच्या काळापासूनची: शिक्षक, नर्सबाई, रेल्वेतून निवृत्त झालेले. आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी कुटुंबं घरात अहिराणी बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याकडून मुलांच्या शाळेसाठी गावात राहायला आलेली काही पावरा आदिवासी कुटुंबं आहेत. आणि शिकून पुण्याला नोकरीला लागलेली पोरं, जी सणाला घरी येतात.

उपासना एकच, सकाळी साडेनऊची. पाच-सहा वर्षांपासून तिचं रूप बदललं. आधी पेटी, ढोलकी, झांजा आणि हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक असायचं. आता वर्शिप टीम असते: कीबोर्ड, गिटार, कहोन (खोक्यासारखं तालवाद्य), दोन माइकवर गाणारी मुलं-मुली आणि भिंतीवर प्रोजेक्टर. गाणी बहुतेक हिंदी, काही इंग्रजी, मराठी एखादं. या बदलाला कुणी फारसा विरोध केला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. पोरं चर्चमध्ये टिकली याचा सगळ्यांना आनंदच होता.

ठिणगी पडली ती 2022 च्या नाताळात. त्या वर्षी 25 डिसेंबर रविवारी आला होता, चर्च खच्चून भरलं होतं. टीमने इंटरनेटवरून उतरवलेल्या ट्रॅकवर पाच नवी गाणी सादर केली. तयारी उत्तम होती. पण समोरचे लोक उभे राहून नुसते बघत राहिले. उपासना संपल्यावर पेटी वाजवणारे आबा पाळकसाहेबांना एवढंच म्हणाले, "साहेब, आज आम्ही कार्यक्रमाला आलो होतो." हे वाक्य वर्षभर गावभर फिरलं. पोरं दुखावली. पुढच्या नाताळची चर्चा सुरू झाली तेव्हा दोन तट पडलेलेच होते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळे 'जुनं की नवं' यावरच बोलत होते. वडिलधाऱ्यांचं म्हणणं, नाताळला आपली जुनी जयंतीगीतं हवीत. मुलांचं म्हणणं, ती गाणी आम्हाला येत नाहीत आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तर मुळीच नाही. दोघंही खरं बोलत होते. या पातळीवर वाद घातला असता तर दोन जुनी, दोन नवी अशी वाटणी होऊन मिटला असता, आणि 25 तारखेला अर्धी मंडळी अर्धा वेळ गप्प राहिली असती.

म्हणून मी पाळकसाहेबांना विनंती केली की दोन रविवार निवडीचा विषयच काढू नका. मी मागच्या बाकावर बसून फक्त ऐकते. कोणत्या गाण्याला लोकांचे ओठ हलतात, कुठे थांबतात, एवढंच पाहायचं होतं.

त्यातून दिसलं ते वेगळंच होतं. एक हिंदी गीत, दहाएक वर्षांपूर्वीचं, आजींसकट सगळे भरभरून गात होते. आणि एक जुनं मराठी पद, वडिलधाऱ्यांच्या आग्रहाने घेतलेलं, त्यांनाच दुसऱ्या कडव्यापासून येत नव्हतं. वय हा मुद्दा नव्हता. लोक अडत होते ते तीन ठिकाणी.

पहिलं, पट्टी, म्हणजे गाण्याचा सा किती उंच धरायचा ते. ध्वनिमुद्रित गाण्यांची पट्टी त्या गायकाच्या गळ्याला सोयीची असते. हल्लीच्या पुष्कळ वर्शिप गीतांची बांधणी अशी की कडवं खालच्या सप्तकात गुणगुणल्यासारखं आणि कोरस एकदम वरच्या सप्तकात. माइकवरच्या गायकाला ती उडी शोभते. बाकावरच्या माणसाला कडव्यात आवाज सापडत नाही आणि कोरसला पोहोचत नाही.

दुसरं, उचल. या गाण्यांत शब्द समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) पडत नाही, जरा आधी किंवा नंतर पडतो. ऐकायला छान, पण शंभर माणसांनी एकदम धरायला कठीण. एका आजींनी मला जे सांगितलं त्याहून नेमकं मला सांगता येणार नाही: "बाई, गानं चांगलं व्हतं, पन आमले धरता येस नही."

तिसरं, पडदा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या स्लाइडवर 'ख्रिस्त' हा शब्द 'खि्रस्त' असा फुटलेला होता, प्रत्येक ठिकाणी. जोडाक्षरं मोडली होती, ओळी अर्ध्यावर तुटत होत्या, आणि पुढची स्लाइड ओळ सुरू झाल्यावर येत होती. हे किरकोळ वाटेल. पण ज्याला वाचायला दोन क्षण जास्त लागतात तो माणूस ओळ चुकला की पुन्हा शिरत नाही, तोंड मिटून उभा राहतो.

त्यात पंचांगाने भर घातली. 2023 मध्ये 24 डिसेंबर रविवारी येत होता. म्हणजे आगमनकाळाचे (नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचे) चार रविवार 3, 10, 17 आणि 24 डिसेंबर, आणि चौथ्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी नाताळची उपासना. आगमनकाळ याहून आखूड होऊच शकत नाही. आणि कीबोर्ड वाजवणारा मुलगा पुण्याहून 23 ला रात्री पोहोचणार होता.

कोणते पर्याय पुढे होते

दोन उपासना कराव्यात, सकाळी जुन्या पद्धतीची आणि संध्याकाळी नव्या, असं पंच कमिटीतल्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या) दोघांना वाटत होतं. मोठ्या शहरात हे चालतं. इथे सव्वाशे माणसांचे दोन तुकडे झाले असते आणि खेड्यातल्या कुटुंबांना संध्याकाळी परतीची गाडी मिळाली नसती. पाळकसाहेबांनी तो पर्याय तिथेच बंद केला. माझ्या मते ते बरोबर होतं.

बायबलमधली वाचनं आणि गीतं आलटून पालटून घेण्याची पद्धत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सुचवली. ही पद्धत 1880 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रुरो इथे सुरू झाली, 1918 पासून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमुळे जगभर पसरली. नऊ वाचनं, त्यांच्यामध्ये गीतं. कल्पना चांगली होती, कारण गीत कशासाठी आहे हे वाचनावरून कळतं. पण नऊ वाचनांना गायनवृंद तयार हवा, तो नव्हता. त्यातून एक गोष्ट मात्र घेतली: लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची कथा, तीन भागांत वाचायचा आणि प्रत्येक भागानंतर त्याच प्रसंगाचं गीत.

तिसरा पर्याय टीमचा होता: मागच्या वर्षीसारखाच ट्रॅक, पण गाणी मराठी. पोरांची भीती समजण्यासारखी होती. कीबोर्डवाला नसताना सराव कशावर करायचा? ट्रॅक चुकत नाही. पण मंडळी अडखळली तर ट्रॅक थांबतही नाही. शिवाय हल्ली उपासनेचं थेट प्रक्षेपण होतं आणि आधीच्या वर्षी त्याचा आवाज मध्येच बंद झाला होता, म्हणजे प्रश्न कॉपीराइटचाही होता. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 खाली खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गायला, वाजवायला सवलत आहे. पण तीच सवलत इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाला आपोआप लागू आहे असं धरून चालणं धोक्याचं. रचनेचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. 1919 मध्ये वारलेल्या नारायण वामन टिळकांची पदं म्हणूनच मोकळी आहेत. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची कॅरल्सही (नाताळगीतंही) मोकळी, मात्र त्यांचं मराठी भाषांतर अलीकडचं असेल तर ते वेगळं पाहावं लागतं. आणि गाणं जुनं असलं तरी त्याचा परवाच केलेला ट्रॅक जुना होत नाही. हा मुद्दा ऐकल्यावर टीमनेच ट्रॅकचा आग्रह सोडला.

काय ठरलं आणि काय केलं

निर्णय पाळकसाहेबांनी एका वाक्यात मांडला: 25 तारखेला मंडळीला येणार नाही असं एकही गीत मंडळीच्या वाट्याला द्यायचं नाही, आणि एकच नवं गीत शिकवायचं. बाकी सगळं या दोन अटींवरून ठरत गेलं.

शब्दांपासून सुरुवात केली. पाळकसाहेब, टीममधली एक मुलगी आणि आबा असे तिघं बसून पुढे आलेल्या गाण्यांचे शब्द नुसते वाचत गेले, चाल न लावता. बर्फ, घंटा आणि गाडी एवढंच असलेली गाणी त्यातच गळाली. 'जिंगल बेल्स' हे 1857 चं गाणं घसरगाडीच्या सफरीचं आहे, त्यात नाताळाचं नावसुद्धा नाही. ते संडे स्कूलच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला गेलं, मुलांनी तिथे ते मनसोक्त गायलं. उलट 'जॉय टू द वर्ल्ड' वर आबांची हरकत होती की यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. ते खरंच आहे. आयझॅक वॉट्स यांनी 1719 मध्ये ते बायबलमधल्या 98 व्या स्तोत्रावरून रचलं, राजा येतो आहे म्हणून सगळ्या पृथ्वीने हर्ष करावा असा त्याचा भाव. पाळकसाहेबांनी स्तोत्र काढून वाचलं आणि आबा म्हणाले, "मग हे शेवटी घ्या, निरोपाला." तसंच झालं.

मग पट्ट्या. या कामाला सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. 'जॉय टू द वर्ल्ड'ची पहिली ओळ म्हणजे तार (वरच्या सप्तकातल्या) सा पासून मध्य (मधल्या सप्तकातल्या) सा पर्यंतची सरळ अवरोही: सा नी ध प म ग रे सा. म्हणजे पहिला शब्दच सगळ्यात उंच. डिसेंबरच्या थंडीत, सकाळी, गळे न तापलेल्या माणसांनी. टीम ते पांढरी दोनमध्ये (पेटीच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी सा धरून) गात होती, आम्ही पांढरी एकवर आणलं. 'सायलेंट नाइट'चं उलट. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी 24 डिसेंबर 1818 ला ते पहिल्यांदा गिटारवर गायलं गेलं. चाल अंगाईसारखी, म्हणून सोपी वाटते. पण ती मध्य सा पासून तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या म पर्यंत) जाते, आणि तो तार मध्यम अगदी शेवटाकडे येतो, तोवर पट्टी चुकल्याचं कळत नाही. तिथे षड्ज (सा) खाली मंद्र सप्तकातल्या पांढरी सहावर धरला. ठेका सहा मात्रांचा, दादरा त्यावर अलगद बसला. ढोलकीवाल्या भाऊंनी पहिल्याच सरावात तो हळू लावला आणि गिटारवाल्या मुलाने आपली वाजवण्याची पद्धत त्याला जुळवून घेतली. कुणी सांगावं लागलं नाही.

जो ढोबळ नियम आम्ही पाळला तो इतरांच्याही उपयोगी पडेल: मंडळीच्या गाण्यातला सर्वांत उंच स्वर मधल्या सप्तकाच्या पुढच्या पांढरी दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही. जाणारच असेल तर पट्टी खाली आणायची, तीही जमत नसेल तर ते गीत टीमने एकट्याने गायचं.

पेटी आणि कीबोर्डचा पेच वेगळाच निघाला. आबांची पेटी जुनी, तिचे स्वर आजच्या प्रमाणापेक्षा किंचित चढे. कीबोर्डवर आणि पेटीवर तोच स्वर एकत्र वाजवला की आवाजात लाट उठायची, कानाला टोचायची. इतकी वर्षं टीमला वाटत होतं की आबा बेसूर आहेत आणि आबांना वाटत होतं की कीबोर्ड बेसूर आहे. पेटी दुरुस्तीला द्यायला वेळ नव्हता. कीबोर्डमध्ये मूळ स्वर बारीक वर-खाली करायची सोय असते, तीमधून कीबोर्ड पेटीला जुळवला. गिटारही पेटीवर लावली. ही एक गोष्ट झाली आणि खोलीतला ताण निम्मा उतरला. मुलांनी आबांच्या पेटीला स्वर लावला, हे आबांनी पाहिलं होतं.

नवं गीत कोणतं, हा खरा कठीण निर्णय. टीमकडे एक सुंदर हिंदी गीत होतं. आणि महिला मंडळातल्या एका मावशींनी अहिराणीत ओवीच्या अंगाने एक गाणं रचलं होतं. त्याचं ध्रुवपद "आमना गावमा येशू उना". कडव्यांत थंडीच्या रात्री कापणी झालेल्या रानात ठेलारी मेंढपाळ मेंढ्यांचा वाडा घालून बसले आहेत, शेकोटी पेटली आहे, आणि तिथे देवदूत येतो. इथल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिलेलं आहे. खतासाठी शेतात मेंढ्या बसवणं ही इथली नेहमीची गोष्ट. बेथलेहेमच्या रानातले मेंढपाळ मला स्वतःला इतके जवळचे कधी वाटले नव्हते.

पंच कमिटीत त्याला विरोध झाला, आणि तो वडिलधाऱ्यांकडून कमी, मधल्या पिढीकडून जास्त. घरातली बोली उपासनेत कशी चालेल, पाहुणे काय म्हणतील. यावर शिक्षिकाबाई बोलल्या. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणली तेव्हा तीही अनेकांना परकी वाटली होती, आज आपण तीच जुनी परंपरा म्हणून सांभाळतो. ज्या बाईला देवाशी बोलताना अहिराणी सुचते तिला नाताळच्या दिवशी आपण ती दाराबाहेर ठेवून ये म्हणणार का? मत घ्यायची वेळ आली नाही. हिंदी गीत टीमने अर्पणाच्या (दान गोळा करण्याच्या) वेळी एकट्याने गायचं, आणि मंडळीने शिकायचं नवं गीत अहिराणी, असं ठरलं.

ते शिकवलं असं. 26 नोव्हेंबरला मावशींनी एकटीने गायलं, लोकांनी फक्त ऐकलं. 3 डिसेंबरला मंडळीने फक्त ध्रुवपद घेतलं. 10 आणि 17 ला पूर्ण. 24 ला मुद्दाम वगळलं. रोज गायलेलं गाणं सणाच्या दिवशी शिळं वाटतं. स्लाइड नव्याने टाइप केल्या, एका पडद्यावर दोनच ओळी, आणि बदलणाऱ्या मुलीला सांगितलं की ओळीचा शेवटचा शब्द सुरू होताच पुढची टाक. ज्यांना पडदा वाचता येत नाही त्यांच्यासाठी मावशी प्रत्येक ओळीआधी तिचे पहिले दोन शब्द मोठ्याने सांगत, भजनात सांगतात तसे.

काय झालं

25 ला सुरुवात डळमळीत झाली. पहिलं आवाहनगीत आबांनी सवयीने जुन्या चढ्या पट्टीत धरलं, दोन ओळी लोक ओढत गेले, मग कीबोर्डवाल्या मुलाने खालचा षड्ज मोठा दिला आणि गाडी रुळावर आली. पुढे अडचण आली नाही. 'सायलेंट नाइट'च्या शेवटच्या कडव्याला टीमने वाद्यं सोडली. नुसत्या मंडळीचा आवाज उरला, तो तार मध्यमाला तुटला नाही.

अहिराणी गीताला मागचे बाकसुद्धा गात होते. त्यात मागच्या वर्षी गप्प उभ्या असलेल्या आजी होत्या, टाळीचा ठेका त्यांनीच धरला. निरोपाच्या गीतानंतर लोक जागेवरून हलले नाहीत म्हणून पाळकसाहेबांनी ध्रुवपद पुन्हा घ्यायला सांगितलं. नंतर मागच्या अंगणात भरीत-पुरीचं जेवण होतं, तिथे मुलं आबांना कुठल्याशा पदाची चाल विचारत होती.

सगळ्यांचं समाधान झालं असं मात्र नाही. माइकवर गाणारी एक मुलगी जानेवारी 2024 पासून टीममध्ये आली नाही. तिचं म्हणणं, तिने वर्षभर घेतलेल्या मेहनतीचं एकच गाणं उरलं, तेही अर्पणाच्या वेळी, जेव्हा लोक पाकिटं शोधत असतात. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या बाहेरगावच्या काही सभासदांनीही कळवलं की आवाज पूर्वीइतका 'साफ' नव्हता. मंडळीच्या आवाजासाठी वेगळा माइक लावलेला नव्हता, त्यामुळे घरी बसलेल्यांना पेटी आणि टीमच ऐकू आली.

वेगळं काय करता आलं असतं

टीमच्या एकट्या गीताची जागा. जे गीत ऐकण्यासाठी आहे ते ऐकता येईल अशा जागी हवं. लूकमधलं पहिलं वाचन संपल्यावर, सगळे बसलेले असताना, ते सहज बसलं असतं. त्या मुलीशी हे आधी बोलायला हवं होतं. ठरल्यावर नुसतं कळवलं गेलं.

पावरा कुटुंबांचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. त्यांच्याकडे त्यांच्या बोलीतली नाताळची गाणी आहेत, ती ढोलावर नाचत गातात. ही गोष्ट समितीला 17 डिसेंबरला कळली. तेव्हा कार्यक्रम ठरला होता, म्हणून त्यांना जेवणाआधी अंगणात गायला सांगितलं. त्यांनी आनंदाने गायलं, पण सगळी मंडळी तेव्हा पानं मांडत होती. अहिराणीसाठी जे तर्क लढवले ते पावरीसाठीही तेवढेच खरे आहेत. निवड समितीत त्यांच्यातला एक जण सुरुवातीपासून असता तर हे नोव्हेंबरमध्येच कळलं असतं.

कॅरल राऊंडकडे, म्हणजे रात्री घरोघरी जाऊन नाताळगीतं गाण्याच्या फेऱ्यांकडे, या धावपळीत कुणाचं लक्ष राहिलं नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी असते. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस दरवर्षी जाहीर होतात, आणि ते पाहून फेऱ्यांच्या तारखा ठरवायला हव्यात. इथे एका रात्री फेरी अर्ध्यावर थांबवावी लागली आणि शेवटच्या चार घरांना गाणं मिळालं नाही. त्या घरांत एक आजारी आजोबा वाट पाहत होते.

आणि पट्टीची नोंद. कोणतं गीत कोणत्या पट्टीत, कोणता ठेका, किती कडवी, हे मी एका वहीत लिहून दिलं होतं. ती वही आबांच्या पेटीवर हवी होती, ती टीमच्या बॅगेत राहिली. पहिल्या गीताचा घोळ त्यातूनच झाला. आता दोन प्रती आहेत. पेटी फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्तीला जाणार होती, आणि पावरा कुटुंबांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण घ्यायला तीच कीबोर्डवाली आणि गिटारवाली मुलं ईस्टरच्या सुट्टीत त्यांच्या गावी जायचं म्हणत होती.